तेच ते विचार: परीक्षार्थींमधील चिंता व नैराश्य आणि विचारांची पद्धत बदलण्याचा मार्ग

समजा, लातूरमध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचे सराव परीक्षेतील गुण ७२० पैकी ५४० वरून ४९५ वर आले. रात्री आठ वाजता तो भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडतो आणि दहा वाजता पाहावे, तर पान तेच असते. मधल्या दोन तासांत तो झोपलेला नव्हता, मोबाइलही पाहत नव्हता. ‘मलाच हे का जमत नाही? घरच्यांनी एवढा खर्च केला, यंदाही नंबर लागला नाही तर? बरोबरची मुले पुढे गेली, मीच का मागे राहतो?’ हे प्रश्न त्याच्या डोक्यात फिरत होते. त्याला विचारले, तर आपण आपल्या उणिवांचा विचार करत होतो, असे तो सांगेल, आणि ते तो मनापासून सांगेल. घरचे त्याला ‘अभ्यासाचे टेन्शन’ म्हणतील आणि विषय तिथेच संपेल.

हे दोन तास नेमके कसले होते, त्यांचा चिंतेशी आणि नैराश्याशी काय संबंध आहे आणि ते टप्प्याटप्प्याने कमी कसे करता येतात, हे या लेखात मांडले आहे. उदाहरणे मुख्यतः स्पर्धा परीक्षा आणि प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची आहेत, कारण एका निकालावर वर्ष टांगलेले असण्याची स्थिती या विचारांना विशेष पोषक ठरते. दहावी-बारावीच्या किंवा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

या विचारांचे स्वरूप

मानसशास्त्रात या प्रकाराला ‘पुनरावर्ती नकारात्मक विचार’ म्हणतात आणि त्याची दोन ठळक रूपे मानली जातात. घडून गेलेली गोष्ट, झालेला अपमान किंवा स्वतःची उणीव पुन्हा पुन्हा उगाळत बसणे हे पहिले रूप असून ते प्रामुख्याने नैराश्याच्या बाजूला दिसते. पुढे काय वाईट घडेल याची ‘असे झाले तर, तसे झाले तर’ अशी साखळी म्हणजे काळजी, आणि ती प्रामुख्याने चिंतेच्या विकारांत आढळते. विषय वेगळे असले, तरी दोन्हींची चाल एकच असते: विचार आपोआप येतो, सोडवू म्हटले तरी सुटत नाही, मनाची बरीच जागा व्यापतो आणि शेवटी हाती काहीच देत नाही. टोमास एरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या विचारांचे मोजमाप करण्यासाठी १५ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात विचार कशाबद्दल आहेत हे विचारलेलेच नाही. ते किती वेळा येतात, किती चिकटून बसतात आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या कामाला किती अडथळा होतो, एवढेच विचारलेले आहे. एकाच विद्यार्थ्यात चिंता आणि नैराश्य बरोबरीने का दिसतात, याचे निदान एक कारण यातून कळते: विचार फिरवत ठेवण्याची सवय तीच असते, दिवसा ती मागच्या निकालावर चालते आणि रात्री पुढच्या परीक्षेवर.

ही सवय दुःखाचा केवळ परिणाम आहे की दुःख लांबवणारे कारणही आहे, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-हुक्सेमा यांना त्याचे उत्तर शोधण्याची संधी एका आपत्तीमुळे मिळाली. मन खट्टू झाल्यावर आपण काय करतो, याविषयी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून त्यांनी माहिती भरून घेतली होती आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या परिसरात लोमा प्रिएटा भूकंप झाला. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी केलेल्या पाहणीत, ज्यांना आधीपासून विचार उगाळण्याची सवय होती त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक राहिला.

अभ्यासाशी थेट नाते असलेले प्रयोग सोन्या ल्युबोमिर्स्की आणि नोलेन-हुक्सेमा यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केले. उदास असलेल्या काही विद्यार्थ्यांना आठ मिनिटे स्वतःच्या भावनांचा आणि त्यांच्या अर्थाचा विचार करायला लावले. तितक्याच उदास असलेल्या दुसऱ्या गटाला आठ मिनिटे अटलांटिक महासागर संथपणे पार करणारी बोट किंवा मोनालिसाच्या चेहऱ्यावरील भाव अशा बाहेरच्या गोष्टींची कल्पना करायला सांगितले. पहिल्या गटाला अडचणींवर सुचलेले उपाय कमकुवत होते आणि आयुष्यातील आठवणीही त्यांना अधिक वाईटच आठवल्या. पुढे ल्युबोमिर्स्की यांच्याच प्रयोगांत असे विद्यार्थी अभ्यासाच्या कामात एकाग्र होण्यातही मागे पडलेले दिसले. दुसरा गट मात्र उदास नसलेल्या विद्यार्थ्यांच्या जवळपास जाऊन पोहोचला. उदासी दोघांचीही सारखीच होती, फरक त्या आठ मिनिटांचा होता. आपल्या उदाहरणातील मुलगा दोन तास बसला होता.

तरीही ही सवय टिकते, कारण ती उपयोगी आहे असे करणाऱ्याला वाटते. ‘काळजी केली नाही तर मी निष्काळजी होईन’, ‘चुकांचा विचार केला नाही तर सुधारणा कशी होणार?’ अशा समजुती विद्यार्थ्यांमध्ये सर्रास आढळतात. शिवाय ज्यांची काळजी केली, त्यांपैकी बहुतेक गोष्टी घडत नाहीत आणि न घडण्याचे श्रेय नकळत काळजीला मिळते. थॉमस बॉर्कोवेक यांनी दाखवून दिले की काळजी ही बहुतांशी शब्दांत चालते, चित्रांत नव्हे. शब्दांत गुंतल्यामुळे भीतीचे अंगावर येणारे चित्र तेवढ्यापुरते दूर राहते आणि हा क्षणिक दिलासाच पुढच्या काळजीला खतपाणी घालतो.

एक गोष्ट पुढे जाण्यापूर्वी स्पष्ट केली पाहिजे. फी भरायला पैसे नसणे, मेसचे पैसे वाचवण्यासाठी एक वेळ उपाशी राहणे, वसतिगृहात जातीवरून टोमणे ऐकावे लागणे, एखाद्या शिक्षकाकडून किंवा मोठ्या विद्यार्थ्यांकडून छळ होणे, या विचारांच्या सवयी नाहीत, प्रत्यक्ष अडचणी आणि अन्याय आहेत. त्या सोसणाऱ्याला ‘तू विचार बदल’ म्हणून सांगणे हा आणखी एक अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे तक्रार, शिष्यवृत्ती, वसतिगृह बदलणे, वकील किंवा संघटना हाच उपाय; रॅगिंगविरोधातील विद्यापीठ अनुदान आयोगाची १८००-१८०-५५२२ ही निःशुल्क हेल्पलाइन त्यासाठीच आहे. पुढील पायऱ्यांचा उपयोग अशा विद्यार्थ्यालाही होतो, परंतु तो त्या लढाईसाठी डोके मोकळे ठेवण्यापुरता.

पहिली पायरी: विचार आणि उगाळणे यांतील फरक ओळखणे

सगळाच पुनर्विचार वाईट नसतो. ट्रेनर, गोन्झालेझ आणि नोलेन-हुक्सेमा यांनी २००३ मध्ये त्याचे दोन भाग वेगळे केले: स्वतःला दोष देत खंतावत राहणे, आणि समजून घेण्यासाठी शांतपणे मागे वळून पाहणे. नैराश्याशी घट्ट संबंध पहिल्याचा आढळला. आपण कोणत्या बाजूला आहोत, हे ओळखण्यासाठी सोपी कसोटी अशी: त्याच विषयावर दोन मिनिटे विचार झाल्यावर थांबून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. काही उपाय सुचला का? आधी न कळलेले काही कळले का? मन थोडे तरी हलके झाले का? तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील, तर तो विचार पुढे आणखी दोन तास चालवूनही फळ मिळण्याची शक्यता कमी आहे. विचाराचा विषय महत्त्वाचा असणे आणि विचार उपयोगी असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नीटचा निकाल महत्त्वाचा आहेच, परंतु त्यावर रात्रभर कूस बदलल्याने एक गुणही वाढत नाही.

दुसरी पायरी: एक आठवडा नोंद ठेवणे

या पायरीचा कंटाळा येतो आणि म्हणून ती टाळली जाते, पण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे. लहानशा वहीत किंवा मोबाइलच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहाव्यात: दिवस आणि वेळ, ठिकाण, त्याच्या लगेच आधी काय घडले, विचार अंदाजे किती वेळ चालला आणि त्यानंतर काय केले किंवा काय करायचे राहून गेले. विचारांचा मजकूर एका ओळीपेक्षा अधिक लिहू नये, नाहीतर नोंद करता करता तेच उगाळणे सुरू होते. पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एखाद्याची नोंद अशी असेल: ‘मंगळवार, रात्री साडेनऊ. अभ्यासिकेतून खोलीकडे जाताना. आधी टेलिग्रामवर संभाव्य कट-ऑफचा संदेश वाचला. विचार: माझे वय निघून चालले. पाऊण तास. नंतर जेवायला गेलो नाही, तसाच पडून राहिलो.’

अशा दहाबारा नोंदी झाल्या की बहुधा एक रचना दिसू लागते. विचार दिवसभर सारखे येतात असे वाटत असते, पण प्रत्यक्षात ते दोनतीन ठरावीक प्रसंगांना चिकटलेले असतात: सराव परीक्षेचे गुण कळल्यावर, घरून फोन येऊन गेल्यावर, उत्तरतालिका लागल्यावर, दुपारच्या जेवणानंतरच्या सुस्तीत, रात्री दिवा मालवल्यावर. शेवटचा रकाना अधिक बोलका असतो, कारण विचारांच्या नावाखाली कोणती गोष्ट टळली, हे त्यात दिसते. जेवण टळले, मित्राला भेटणे टळले, चुकलेली उत्तरे तपासणे टळले. टळलेल्या गोष्टींमुळे दुसऱ्या दिवशीचे मन आणखी खाली जाते आणि उगाळायला नवा विषय मिळतो. नैराश्य वाढण्याची एक प्रमुख वाट हीच आहे.

तिसरी पायरी: ‘का’ सोडून ‘कसे’ विचारणे

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे एड वॉटकिन्स यांच्या कामाचा गाभा येथे आहे. त्यांच्या मते घातक ठरते ती अमूर्त, सरसकट विधाने करणारी विचारपद्धती. ‘मी असाच का आहे?’ या प्रश्नाला टोक नसते आणि त्याचे प्रत्येक उत्तर माणसाच्या एकूण लायकीवर घसरते. तोच प्रसंग तपशिलाने, क्रमाने, ठिकाण-वेळेसह पाहिला की विचाराला शेवट सापडतो.

आपल्या उदाहरणातील ४५ गुणांची घसरण घेऊ. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, म्हणजे येऊ शकणारे उत्तर चुकले की पाच गुणांचा फरक पडतो. ४५ गुण म्हणजे अशी नऊ उत्तरे. प्रश्नपत्रिका समोर ठेवून ती नऊ शोधली, तर चित्र साधारण असे निघू शकते: तीन प्रश्नांत एककांचे रूपांतर चुकले, दोन गणिते शेवटच्या वीस मिनिटांत घाईत सोडवली, एका प्रश्नाचा घटक, म्हणजे घूर्णन गती, वाचूनच झाला नव्हता, आणि जीवशास्त्राच्या तीन प्रश्नांत ‘अयोग्य विधान कोणते’ असे विचारलेले असताना योग्य विधानावर खूण केली. ‘माझी बुद्धीच कमी आहे’ या निष्कर्षाला या यादीत जागाच उरत नाही. यादी झाल्यावर पुढचा प्रश्न विचारावा: उद्या सकाळी नऊ ते दहा या वेळेत यांतील कोणत्या एका गोष्टीवर काम करायचे? उत्तर ‘भौतिकशास्त्र सुधारायचे’ असे असू नये; ‘एककांच्या रूपांतराची पंधरा गणिते सोडवायची’ असे असावे. हे सगळे काम पाऊण तासाचे आहे आणि ते झाल्यावर त्या परीक्षेचा विषय बंद करण्याचा हक्क विद्यार्थ्याला मिळतो.

गुणांचे विश्लेषण सोपे असते, ‘मी घरच्यांवर ओझे आहे’ हा विचार तसा सोपा नसतो. तिथेही पद्धत तीच, मात्र गती संथ ठेवावी लागते. हे नेमके कधी वाटले? वडिलांचा फोन आला तेव्हा. ते काय म्हणाले? ‘या महिन्यात पैसे दोन दिवस उशिरा पाठवतो.’ त्यांचा आवाज कसा होता? थकलेला. मी त्यावर काय बोललो? ‘चालेल’ म्हणून फोन ठेवला. आता त्यातून काय करता येईल? रविवारी फोन करून खर्चाचा हिशेब मोकळेपणाने बोलता येईल. ओझे असण्याची भावना लगेच जाणार नाही, पण तिला एक फोन, एक वाक्य आणि एक पुढची कृती मिळाली आणि ती संपूर्ण आयुष्याचा निवाडा राहिली नाही. हे कौशल्य आहे. सुरुवातीला कृत्रिम वाटते आणि दररोज एखाद्या लहान प्रसंगावर सराव केल्याशिवाय ते मोठ्या प्रसंगात हाताशी येत नाही.

चौथी पायरी: काळजीला वेळ नेमून देणे

बॉर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली ही पद्धत आजही वापरली जाते. दिवसातील अर्धा तास, रोज एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी, केवळ काळजी करण्यासाठी राखून ठेवायचा. संध्याकाळी साडेसहा ते सात ही वेळ बऱ्याच जणांना सोयीची पडते. झोपण्यापूर्वीचा अर्धा तास मात्र निवडू नये, आणि जागा अंथरुणाची किंवा अभ्यासाच्या टेबलाची नसावी. दिवसभरात काळजी डोकावली की चिठ्ठीवर तीनचार शब्द लिहायचे, ‘साडेसहाला पाहू’ असे मनाशी म्हणायचे आणि हातातील कामाकडे परतायचे. साडेसहाला चिठ्ठी उघडायची. ज्या काळजीवर काही करणे आपल्या हातात आहे, तिच्यापुढे तिसऱ्या पायरीप्रमाणे पुढची कृती लिहायची. ज्यावर हातात काहीच नाही, उदाहरणार्थ आयोगाची जाहिरात कधी येईल किंवा न्यायालयातील याचिकेचे काय होईल, तिच्यापुढे तसे स्पष्ट लिहून ती तशीच ठेवायची. बऱ्याच नोंदी संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असतात. अर्धा तास संपला की उठायचे, काळजी शिल्लक असली तरीही.

विचार दाबून टाकण्यापेक्षा पुढे ढकलणे का बरे, याचे उत्तर डॅनियल वेगनर यांच्या १९८७ मधील प्रसिद्ध प्रयोगात आहे. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितल्यावर सहभागी विद्यार्थ्यांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि बंदी उठवल्यावर तर, ज्यांना आधी बंदी घातलीच नव्हती त्यांच्यापेक्षाही अधिक आले. त्यामुळे ‘नकारात्मक विचार करूच नकोस’ हा घरोघरी मिळणारा सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असला, तरी तो निरुपयोगी आहे.

पाचवी पायरी: ‘जर-तर’ची आखणी

नोंदीतून जे दोनतीन प्रसंग निघाले, त्यांतील प्रत्येकासाठी एक वाक्य आधीच ठरवून लिहून ठेवावे. ‘जर अभ्यासिकेतून निघताना कट-ऑफचा विचार सुरू झाला, तर मी खोलीवर न जाता थेट मेसमध्ये जाऊन जेवायला बसेन.’ ‘जर गुण कळल्यावर छातीत धडधड सुरू झाली, तर मी जागेवरून उठून दहा मिनिटे चालेन आणि त्यानंतरच प्रश्नपत्रिका उघडेन.’ वाक्यातील ‘तर’नंतरची कृती अशी असावी की जी एरवी टळत होती किंवा जिच्यात शरीर आणि लक्ष दोन्ही गुंततात: पायी चालणे, कपडे धुणे, कॅरम, गाणे म्हणणे, लहान भावंडाला शिकवणे. मोबाइलवर रील पाहणे त्यासाठी फारसे कामाचे नाही, कारण बोट सरकत राहते आणि मागे विचारही चालूच राहतो. ‘आता मन लागत नाही, मन लागले की करीन’ असे म्हणून वाट पाहू नये. नैराश्यात कृती आधी येते, इच्छा मागून येते, आणि त्याच तत्त्वावर एक स्वतंत्र उपचारपद्धती उभी आहे.

रात्रीची आखणी वेगळी लागते. अंथरुणावर पडून साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही आणि विचार सुरू झाले, तर उठून मंद उजेडात काहीतरी सौम्य आणि कंटाळवाणे वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परत पडावे, नाहीतर अंथरूण ही झोपेची जागा न राहता काळजीची जागा होते. चौघांच्या खोलीत उठून दिवा लावणे शक्य नसते, तेव्हा पॅसेज किंवा जिन्याजवळची जागा आधीच पाहून ठेवावी. घड्याळाकडे पाहू नये. झोप उशिरा लागली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये.

मित्र आणि घर

बोलल्याने मन हलके होते, हे खरे. तरी बोलण्याचाही एक प्रकार उगाळण्याचाच असतो. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठातील अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये दाखवले की जे मित्र-मैत्रिणी एकमेकांच्या अडचणी पुन्हा पुन्हा चघळतात, त्यांची जवळीक वाढते आणि त्याबरोबर चिंता-उदासीची लक्षणेही अधिक दिसतात. चहाच्या टपरीवर रोज तासभर चालणारी ‘यंदा जागाच किती कमी आहेत’ ही चर्चा किंवा उत्तरतालिकेनंतर मध्यरात्रीपर्यंत वाजत राहणारा व्हॉट्सअॅप गट हे त्याचे आपल्याकडील रूप. मैत्री तोडण्याचे कारण नाही. अडचण एकदा नीट ऐकून घेतल्यावर ‘मग उद्या काय करू या?’ असे विचारण्याची सवय दोघांनी लावून घ्यावी, आणि निकालाच्या आठवड्यात गट म्यूट करावा.

पालकांसाठी एवढेच, की फोनवर पहिला प्रश्न गुणांचा विचारू नये आणि ‘तुझ्यासाठी आम्ही काय काय केले’ ही उजळणी टाळावी; मूल ती रात्री स्वतःच करत असते. ‘जेवलास का, झोप लागते का, कुणाशी बोललास का’ या प्रश्नांतून पालकांना प्रकृतीचा अंदाज अधिक नेमका येतो. मूल मधूनच रडू लागले, तर लगेच उपाय सांगण्याची घाई करू नये.

या पद्धतीचा उपयोग किती, आणि तिची मर्यादा कुठे

नेदरलँडमध्ये १५ ते २२ वयोगटातील, उगाळण्याची आणि काळजीची सवय जास्त असलेल्या २५१ मुलामुलींवर अशाच स्वरूपाच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात नैराश्याच्या आजाराचे प्रमाण प्रशिक्षण न मिळालेल्या गटात सुमारे ३२ टक्के होते, तर प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये, मग ते गटात घेतलेले असो की इंटरनेटवरून, सुमारे १५ टक्के. परिणाम मोठा आहे, परंतु प्रशिक्षण घेऊनही काहींना आजार झालाच, हेही त्याच आकड्यात आहे.

विशिष्ट प्रकारच्या विचारांना ही पद्धत लागू नाही. हात अस्वच्छ असल्याचा, दार उघडे राहिल्याचा, देवाबद्दल किंवा जवळच्या माणसाबद्दल नकोसा, किळसवाणा विचार मनात घुसणे आणि तो शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा धुणे, तपासणे, मनात जप किंवा मोजणी करणे, हा मंत्रचळाचा आजार असू शकतो. त्यात विचारांचे विश्लेषण करत बसल्याने त्रास वाढतो; त्याचा उपचार वेगळा आहे आणि तो तज्ज्ञाकडूनच घ्यावा. एखाद्या अपघाताचे किंवा अत्याचाराचे दृश्य डोळ्यांसमोर परत परत येणे हेही निराळे प्रकरण आहे.

सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप किंवा भूक बिघडली, अभ्यास ठप्प झाला, तर नोंदवही भरत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ या मोफत प्रश्नावल्या प्राथमिक अंदाजासाठी वापरता येतात. दोन्हींपैकी कोणत्याही एकीत १० किंवा त्याहून अधिक गुण आले, तर तपासणी करून घ्यावी. पीएचक्यू-९ मधील नवव्या प्रश्नाचे, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही असेल, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी कुणाला तरी सांगावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि महाराष्ट्रातील संख्या सर्व राज्यांत जास्त होती. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. जीव धोक्यात असल्याची शंका आली, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, औषधे-कीटकनाशके हाताशी ठेवू नयेत आणि थेट रुग्णालयात न्यावे.

कुठे जायचे, हा प्रश्न खेड्यातून शहरात आलेल्या विद्यार्थ्यापुढे असतो. जिल्हा रुग्णालयात आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था आहे. केसपेपर काढून इतर कोणत्याही विभागाप्रमाणेच तिथे जाता येते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे आणि हे निर्देश खासगी शिकवण्यांनाही लागू आहेत, तेव्हा आपल्या क्लासमध्ये अशी व्यक्ती कोण, हे विचारण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे. समुपदेशक औषध देत नाही. औषध लागेल का, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतो. नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या काळात तरुण रुग्णांकडे विशेष लक्ष ठेवावे लागते आणि बरे वाटू लागले म्हणून ती स्वतःहून बंद करायची नसतात.

पहिल्या भेटीत काय बोलावे ते सुचत नाही, अशी अडचण बरेच जण सांगतात. तिथे दुसऱ्या पायरीतील नोंदवही घेऊन जावी. विचार कधी येतात, किती वेळ टिकतात, त्यापायी काय काय सुटले, याखेरीज झोपेच्या वेळा, चहा-कॉफी व तंबाखूचे प्रमाण, घरात कुणाला असा आजार होऊन गेला असल्यास ते आणि चालू असलेली इतर औषधे, एवढे एका कागदावर लिहून नेले, की ओपीडीच्या गर्दीत मिळणाऱ्या दहा मिनिटांतही डॉक्टरांना बरेच काही कळते. पुढच्या भेटीची तारीख मात्र खोलीबाहेर पडण्यापूर्वी विचारून घ्यावी.